नवा लखोटा आणि जुनी कचेरी

धुळ्याहून सुरतेकडे निघालेला प्रवासी साक्री मागे टाकून कोंडाईबारीचा घाट उतरू लागला, म्हणजे खानदेशातील उघड्या, कोरड्या माळांचा निरोप घेऊन तो सागाच्या रानांच्या, भातखाचरांच्या आणि विखुरलेल्या पाड्यांच्या मुलखात प्रवेश करतो. आणि या मुलखात मोठ्या रस्त्यावर वसलेले जे एक बाजारगाव त्याला लागते, ते नवापूर तालुक्यातील विसरवाडी. खांडबाऱ्यावरून नंदुरबारास जाणारी वाट येथेच महामार्गापासून फुटते. पश्चिमेस नवापूर, आणि नवापूरच्या पलीकडे लागलीच गुजरात. इतका लागलीच, की नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही भाग गुजरातेत पडतो. घरात मावची किंवा कोकणी, बाजारात अहिराणी आणि गुजराती, आणि कचेरीत मात्र मराठी, असा या भागातील भाषाव्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अशा ठिकाणी लिखित कागदाचे महत्त्व काही निराळेच असते, कारण बोललेला शब्द येथे तीन-चार भाषांत वाटला जातो आणि सरकारदरबारी चालतो तो केवळ लिहिलेला.

हा लिहिलेला शब्द विसरवाडीत कधीच जन्मास आला नाही. तो नेहमी दुरून आला. १८१८ साली पेशवाई बुडून खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली गेला तेव्हापासून हुकूम उतरू लागले ते धुळ्याच्या कलेक्टर कचेरीतून. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले तरी पश्चिम खानदेशाचे ठाणे धुळेच राहिले. आणि १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ही स्थिती कायम होती. मुंबईहून निघालेले परिपत्रक धुळ्यास, धुळ्याहून नवापूरच्या मामलेदार कचेरीत, आणि तेथून तलाठ्याच्या दप्तरातून गावात, असा हुकमाचा उतार. आणि अर्जाची चढण नेमकी त्याच पायऱ्यांनी उलट दिशेने. या साखळीच्या शेवटल्या कडीवर असलेल्या गावाला एक गोष्ट सतत भोगावी लागते. लेखनाची पद्धत बदलण्याचा निर्णय साखळीच्या पहिल्या टोकाला होतो, त्याची वार्ता शेवटल्या टोकाला उशिरा पोहोचते, आणि मधल्या काळात कागद हातात असूनही तो वाचता येत नाही. संगणकावर नव्या धाटणीची फाईल आली आणि जुन्या सॉफ्टवेअरने ती उघडण्याचे नाकारले, ही अडचण आज अगदी आधुनिक समजली जाते, पण तिची वंशावळ पाहू गेल्यास ती बरीच मागे जाते.

पहिले उदाहरण मोडीचे. यादवकाळातील हेमाद्री पंडिताच्या नावाशी परंपरेने जोडलेली ही लेखणी न उचलता लिहिण्याची लिपी शिवकालापासून इंग्रजी अमदानीपर्यंत महाराष्ट्रातील सर्व जमाखर्चाची, सनदांची, कैफियतींची आणि खासगी पत्रव्यवहाराची लिपी होती. विल्यम कॅरीने श्रीरामपूर येथे १८१० साली छापलेल्या मराठी कोशासाठी मोडीचेच खिळे पाडले होते. परंतु छापखान्याच्या कामास ही वळणदार, एकात एक गुंतलेली अक्षरे मानवली नाहीत, बालबोधाचे, म्हणजे देवनागरीचे, सुटे खिळे सोयीचे ठरले, आणि १९१७ च्या सुमारास मुंबई सरकारने कारभारातून मोडीस रजा देऊन बालबोध चालू करण्याचे ठरविले. शाळांतून ती पुढे तीन दशके रेंगाळली आणि १९५० च्या आसपास तिचे शिक्षणही संपले. म्हणजे एका पिढीच्या अवधीत, एकही अक्षर पुसले न जाता, एकाही कागदास वाळवी न लागता, लक्षावधी दस्तऐवज सामान्य साक्षर माणसाच्या दृष्टीने कुलूपबंद झाले.

या कुलुपाचा फटका नंदुरबारच्या आदिवासी माणसास आजही बसतो, हे शहरातील वाचकास बहुधा ठाऊक नसते. अनुसूचित जमातींसंबंधीचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. त्यामुळे जमातीच्या दाखल्याची पडताळणी करताना त्या तारखेपूर्वीचा पुरावा विशेष वजनदार मानला जातो. आणि त्या तारखेपूर्वीचे कोतवाल बुक, जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचे दाखले, जमिनीचे उतारे हे कित्येक ठिकाणी मोडीत आहेत. आजोबांचे नाव त्या पानावर असते, अधिकारीही ते पाहण्यास राजी असतो, पण मोडी जाणणारा इसम शोधून, त्याच्याकडून लिप्यंतर करवून, ते प्रमाणित करून घेतल्यावाचून ते नाव अस्तित्वात नसल्यासारखेच. धुळ्यास इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशी निवर्तले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. त्या मंडळाने राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जमविलेली दप्तरे जपली म्हणून ती राहिली, हे खरे. पण कागद जपणे आणि कागद वाचणाऱ्यांची परंपरा जपणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि दुसरे काम पहिल्याहून कठीण आहे. पुराभिलेख संचालनालयास मोडीचे वर्ग आणि परीक्षा चालवाव्या लागतात त्या याचमुळे.

मोडीनंतरचा काळ टंकलेखन यंत्राचा. १९५५ साली गोदरेजने देशी बनावटीचे यंत्र बाजारात आणले, १९६० साली मराठी भाषिकांचे राज्य झाले, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, आणि कचेऱ्यांच्या आवारात, वकिलांच्या ओसरीवर व तालुक्याच्या रस्त्यांवर देवनागरी यंत्राचा खडखडाट ऐकू येऊ लागला. अर्जनवीस हा बोरूने लिहिणारा मनुष्य त्या खडखडाटात टंकलेखक झाला. या यंत्रावर चिन्हांना जागा अवघी नव्वदांच्या आसपास. देवनागरीतील जोडाक्षरे तर शेकडो. म्हणून यंत्र बनविणाऱ्यांनी युक्ती केली, की अक्षर पूर्ण न ठेवता अर्धे ठेवावे, आणि पूर्ण हवे तेथे त्यास काना जोडावा. अर्धा त आणि काना मिळून त, अर्धा म आणि काना मिळून म. अक्षराचा उच्चार न पाहता त्याच्या आकृतीचे तुकडे पाहण्याची ही दृष्टी पुढे संगणकातही शिरली आणि तिने जो घोटाळा केला त्याकडे यथावकाश वळू. तूर्त इतकेच नोंदवायचे, की टंकलिखित कागदाचा एक गुण पुढील कोणत्याही साधनास साधला नाही: तो गोदरेजच्या यंत्रावर उमटविलेला असो की रेमिंग्टनच्या, वाचणाऱ्यास यंत्राची गरज नव्हती. डोळे आणि अक्षरओळख एवढे भांडवल पुरे होते.

संगणकाने हा गुण हिरावून घेतला. आता लिहिणाऱ्यास जसे यंत्र लागते तसेच वाचणाऱ्यासही लागते, आणि दोन्ही यंत्रांनी एकच संकेत पाळला तरच मजकूर दिसतो. प्रारंभीच्या यंत्रांत एका अक्षरास आठ अंश (बिट) मिळत. त्यातून २५६ जागा होत. पैकी पहिल्या १२८ इंग्रजीने व्यापलेल्या. वरच्या १२८ जागांत भारतीय लिप्या बसविण्याचे काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले, १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये ते जिस्ट या नावाने वाढले, आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की या नावाने त्यास प्रमाण ठरविले. त्याच वेळी वर्डस्टारसारखे त्या काळचे लोकप्रिय लेखनसॉफ्टवेअर शब्दाच्या शेवटल्या अक्षराचा तो आठवा अंश स्वतःच्या खुणेसाठी वापरीत असे. त्यामुळे वर्डस्टारची फाईल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की प्रत्येक शब्दाचे शेवटचे अक्षर बिघडलेले दिसे. फाईल उघडते पण वाचता येत नाही, या प्रकाराची ही बहुधा पहिली व्यापक प्रचिती.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या वर्डने बाजार काबीज केला. १९८३ साली जन्मलेल्या या सॉफ्टवेअरने आपली फाईल ठेवण्याची रीत वेळोवेळी बदलली. १९९७ च्या आवृत्तीची फाईल १९९५ च्या आवृत्तीत धडपणे उघडत नसे. त्यासाठी एक छोटा परिवर्तक फुकट द्यावा लागला. आणि गंमत अशी, की नव्या वर्डमधून जुन्या धाटणीत जतन केलेली फाईल आरंभी प्रत्यक्षात आरटीएफ या तिसऱ्याच प्रकारची होऊन बाहेर पडत असे, वर नाव मात्र डॉक. परंतु हा गलबला शहरांपुरता राहिला, कारण तेव्हा विसरवाडीसारख्या गावात संगणकच मुळी दुर्मिळ होता. १९९७ ची ती डॉक फाईल पुढे दहा वर्षे स्थिर राहिली. या स्थैर्याच्या दशकातच राज्यात संगणक पसरला: २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यांत उघडले, शासकीय नोकरीसाठी ते प्रमाणपत्र आवश्यक ठरले, आणि झेरॉक्सच्या दुकानात एक संगणक, एक छपाईयंत्र व एक तरुण मुलगा अशी नवी अर्जनविशी उभी राहिली. या मुलांची समजूत अशी झाली की संगणकातील पत्र म्हणजे डॉक, आणि ती समजूत दहा वर्षे खरीही होती.

२००७ च्या जानेवारीत ऑफिसची नवी आवृत्ती आली आणि तिने डॉक टाकून डॉकएक्स धरले. नवा संगणक घेणाऱ्यास काही कळले नाही. त्याची फाईल लिहिली गेली, जतन झाली, पेन ड्राइव्हवर किंवा ई-मेलने रवाना झाली. कळले ते पुढच्यास. ज्याच्याकडे २००३ ची, २००० ची किंवा त्याहून जुनी आवृत्ती होती, त्याच्या पडद्यावर एक तर फाईल ओळखता येत नसल्याची सूचना झळकली, किंवा चौकोनांची व भलत्या चिन्हांची रांग उमटली. लखोटा नवा, आतील पत्र तेच. पण लखोटा फोडण्याची रीतच ठाऊक नसल्यामुळे पत्र आले नाही असे म्हणण्याची पाळी आली.

या बदलामागे केवळ व्यापारी लबाडी होती असे म्हणणे मात्र न्यायाचे होणार नाही. जुनी डॉक फाईल ही द्विमान अंकांचा एक बंदिस्त गठ्ठा होती. तिची रचना मालकालाच नीट ठाऊक, आणि तिचे तपशील सर्वांसाठी खुले झाले ते थेट फेब्रुवारी २००८ मध्ये. डॉकएक्स ही त्या मानाने अधिक सरळ वस्तू आहे. ती वस्तुतः एक झिप गठडी असून तिच्यात मजकुराची, शैलीची आणि चित्रांची वेगवेगळी पाने साध्या एक्सएमएल भाषेत लिहून ठेवलेली असतात. तिच्या नावाचे शेपूट डॉकएक्सऐवजी झिप असे केले आणि गठडी सोडली, तर आत वर्ड नावाचा कप्पा, त्यात डॉक्युमेंट नावाचे पान, आणि त्या पानात खुणांच्या जंगलात दडलेला पण संपूर्ण शाबूत असा मजकूर हाती लागतो. कोणतेही लेखनसॉफ्टवेअर नसताना, निव्वळ नोटपॅडवर किंवा ब्राउझरमध्ये तो वाचता येतो. अट एकच, की विंडोज हे शेपूट मुळात लपवून ठेवते, ते आधी उघड करावे लागते. दुकानांतून रूढ झालेला उपाय मात्र वेगळा आणि अगदीच निरुपयोगी होता: डॉकएक्स खोडून डॉक लिहायचे. पाटी बदलल्याने आतील वस्तू बदलत नाही.

शास्त्रशुद्ध उपाय पहिल्या दिवसापासून उपलब्ध होते आणि तेही विनामूल्य होते, हा या प्रकरणातील सर्वांत लक्षणीय आणि सर्वांत दुर्लक्षित भाग होय. मायक्रोसॉफ्टने स्वतः कम्पॅटिबिलिटी पॅक नावाची एक जोडणी मोफत ठेवली होती. ऑफिस २०००, एक्सपी आणि २००३ या तिन्ही आवृत्त्यांना ती चालत असे. ती बसविली की जुने वर्ड नवी फाईल उघडी, तीत दुरुस्ती करू देई आणि पुन्हा त्याच धाटणीत जतनही करी. नव्या प्रकारची समीकरणे आणि आकृत्या तेवढ्या चित्ररूप होऊन बसत व त्यांत हात घालता येत नसे. ज्यांच्याकडे वर्डच नव्हते त्यांच्यासाठी नुसते वाचण्याचे वर्ड व्ह्यूअर होते. परंतु ही जोडणी सुमारे ३० मेगाबाइटची. टेलिफोनच्या तारेवरून ५६ किलोबिटच्या वेगाने ती उतरवायची तर कागदोपत्री सव्वा तास, आणि तार मध्येच तुटली की पुनश्च हरि ॐ. शिवाय ऑफिस ९७ वाल्यास ती नाहीच. फुकट मिळणारी गोष्टही ज्याच्याजवळ रस्ता आहे त्यालाच फुकट मिळते.

दुसरी वाट मुक्त सॉफ्टवेअरची. सन कंपनीने २००० साली खुले केलेल्या संहितेतून ओपनऑफिस निर्माण झाले होते. ऑक्टोबर २००८ मध्ये आलेल्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीने डॉकएक्स उघडण्यास प्रारंभ केला. आणि २०१० च्या सप्टेंबरात त्याच्या कर्त्यांपैकी बहुतेकांनी वेगळे होऊन लिबरऑफिस चालविले, जे आजही कोणासही, कितीही यंत्रांवर, दमडी न देता वापरता येते. केंद्र शासनाच्या भारतीय भाषा तंत्रज्ञान कार्यक्रमातून मराठी फॉन्ट आणि मराठीतील ओपनऑफिस असलेली चकती मोफत वाटली गेली होती, याचे स्मरणही फार थोड्यांना असेल. विंडोज ७ बरोबर येणाऱ्या साध्या वर्डपॅडलादेखील डॉकएक्स वाचता येत असे. गूगल डॉक्सवर फाईल चढवावी आणि तेथेच वाचावी, ही सोय तर इंटरनेट ज्याच्या हाती आले त्या प्रत्येकास मिळाली. आणि सर्वांत सोपा, सर्वांत स्वस्त उपाय पाठविणाऱ्याच्या हातात होता: जतन करताना ९७-२००३ ही धाटणी निवडणे. केवळ एक कळ. ती कळ न दाबल्यामुळे किती लोकांनी किती खेपा घातल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही कचेरीत ठेवलेला नाही.

मराठीच्या बाबतीत या कुलुपावर आणखी एक कुलूप होते, आणि पहिले निघाले तरी दुसरे निघत नसे. वर टंकलेखन यंत्राच्या अर्ध्या अक्षरांचा उल्लेख केला आहे. नव्वदच्या दशकात श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, सी-डॅकचे सुरेख व योगेश असे जे फॉन्ट प्रचारात आले, त्यांनी तीच रीत उचलली: संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि विरामचिन्हांचाच, केवळ त्या जागांवर देवनागरीच्या आकृतींचे तुकडे रंगविलेले. प्रत्येक कंपनीची वाटणी निराळी. त्यामुळे नंदुरबारहून आलेली फाईल विसरवाडीच्या दुकानात उघडली खरी, पण तोच फॉन्ट त्या यंत्रावर नसला, तर अर्जदाराचे नाव कंस, डॉलर, अल्पविराम आणि इंग्रजी अक्षरे यांच्या रूपाने दर्शन देई. फॉन्ट असला तरी विघ्न टळत नसे. वाक्याचे पहिले इंग्रजी अक्षर मोठे करण्याची वर्डची अंगभूत खोड मराठी मजकुरासही सोडीत नसे, आणि त्या खोडीने एखाद्या अक्षराच्या जागी भलताच तुकडा येऊन बसे. अनुभवी टंकलेखक नव्या यंत्रावर बसताच प्रथम ही खोड बंद करी. ही त्या धंद्यातील पहिली दीक्षा होती. सीमेपलीकडून गुजराती कागद आला तर त्याचे फॉन्ट आणखी वेगळे.

या दुसऱ्या कुलुपाची किल्ली म्हणजे युनिकोड. १९९१ पासून त्या संकेतात देवनागरीस १२८ जागांचे स्वतंत्र घर आहे, आणि त्यात आकृतीचा तुकडा न धरता अक्षरच धरलेले आहे. त्यामुळे फॉन्ट बदलला तरी मजकूर तोच राहतो, आणि गुजराती व मराठी एकाच पानावर शेजारी नांदतात. तथापि विंडोज एक्सपी या अत्यंत प्रचलित प्रणालीत देवनागरीची सोय झाकलेली होती. नियंत्रण कक्षातील प्रदेश व भाषा या सदरात शिरून, गुंतागुंतीच्या लिप्या असलेल्या खुणेवर टिचकी मारली, की यंत्र मूळ चकती मागे. चकती कोणाकडे असणार? विक्रेत्याने प्रणाली घालून दिलेली, चकती त्याच्याच कपाटात. मोडीलाही २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत स्थान मिळाले. कारभारातून गेलेली लिपी शतकानंतर संगणकात प्रविष्ट झाली, आणि जिवंत मराठीतील फाईली अजून श्रीलिपीत अडकलेल्या, असा हा काळाचा उफराटा न्याय.

या गावकुसाबाहेर, जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या पातळीवर, डॉकएक्स आले त्याच सुमारास, या फाईल-धाटण्यांचा मोठा कज्जा चालला होता. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची ओडीएफ ही धाटणी २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाली. मायक्रोसॉफ्टने आपली डॉकएक्सकुळीची धाटणी, सहा हजारांहून अधिक पानांच्या वर्णनासह, त्याच मान्यतेसाठी दाखल केली. भारतीय मानक ब्यूरोने २००७ च्या सप्टेंबरात विरोधी मत दिले, २००८ च्या मार्चमध्येही ते बदलले नाही, आणि मानक मंजूर झाल्यावर ब्राझील, दक्षिण आफ्रिका व व्हेनेझुएला यांच्याबरोबर अपीलही केले. ते फेटाळले गेले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र शासनाने ई-कारभारासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. भारताचा हा विरोध तत्त्वतः योग्य होता असे आमचे मत आहे. मात्र ज्या देशाने दिल्लीत असे मत दिले, त्याच्या कचेऱ्यांनी खाली गावाकडे पाठविलेल्या कोऱ्या नमुन्यांत त्या तत्त्वाचा मागमूस क्वचितच दिसला, हेही तितक्याच स्पष्टपणे नमूद केले पाहिजे.

आणि काळ तर असा होता, की नंदुरबार जिल्ह्यात कागदाची गरज पूर्वी कधी नव्हती एवढी वाढली होती. २००६ च्या वनहक्क कायद्याचे नियम २००८ च्या आरंभी लागू झाले; पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या वनजमिनीवरील हक्क सिद्ध करण्यासाठी नमुना भरायचा, ग्रामसभेचा ठराव जोडायचा, वडीलधाऱ्यांचे जबाब जोडायचे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिली आधार कार्डे वाटली गेली ती याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील टेंभली येथे. २०११ पासून संग्राम योजनेखाली ग्रामपंचायतीत संगणक आणि तो चालविणारा आला. त्याचेच पुढे आपले सरकार सेवा केंद्र झाले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. या नव्या उताऱ्यांना डॉक-डॉकएक्सची बाधा नाही, कारण ते पीडीएफ रूपात येतात आणि कोणत्याही फोनवर उघडतात. पण पीडीएफ हा वाचण्याचा कागद आहे. भरण्याचा नमुना, दुरुस्त करण्याचा ठराव, पुढच्या वर्षी तारीख बदलून पुन्हा वापरायचे प्रतिज्ञापत्र, ही सर्व अजूनही वर्डच्याच राज्यात आहेत.

त्या राज्यातील जुन्या सोयी एकेक करून बंद पडल्या. विंडोज एक्सपी आणि ऑफिस २००३ यांची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी एकाच दिवशी संपली. कम्पॅटिबिलिटी पॅक २०१८ साली मागे घेण्यात आला. ज्याने तो आधी उतरवून चकतीवर ठेवला असेल त्याच्याकडेच तो आता आहे. राज्य परीक्षा परिषदेच्या परीक्षांतून टंकलेखन यंत्र जाऊन संगणक टंकलेखन आले, आणि गोदरेजने यंत्रे काढणे त्यापूर्वीच थांबविले होते. आज ज्याच्याजवळ जुना संगणक आहे त्याने लिबरऑफिसची त्या यंत्रास पेलणारी आवृत्ती बसवावी, अथवा फोनवर मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून फाईल उघडावी. जुन्या फॉन्टमधील मजकूर असेल तर सी-डॅकच्या परिवर्तनसारख्या परिवर्तकातून तो युनिकोडमध्ये आणून मगच त्याची नवी प्रत जतन करावी, आणि मूळ प्रत टाकून देऊ नये, कारण परिवर्तक जोडाक्षरांत, विशेषतः रफारात, अजूनही अडखळतात.

मोडी गेली तेव्हा जुने कागद नव्या माणसास वाचता येईनात. वर्ड बदलले तेव्हा नवे कागद जुन्या यंत्रास वाचता येईनात. दिशा उलट, पण दोन्ही वेळा भुर्दंड ज्याने बदल केला त्याच्यावर पडला नाही, तर ज्याच्या हाती कागद आला त्याच्यावर. मोडीच्या वेळी यास काही अंशी निरुपाय होता. फाईलीच्या बाबतीत तसा तो कधीच नव्हता. म्हणून जिल्हा कचेऱ्या, तहसील कार्यालये, प्रकल्प कार्यालये आणि शिक्षण विभाग यांतील ज्या अधिकाऱ्यांच्या स्वाक्षरीने कोरे नमुने खाली गावांकडे पाठविले जातात, त्यांना आमची विनंती आहे, की प्रत्येक नमुना युनिकोड मराठीत लिहून ओडीएफ आणि डॉकएक्स या दोन्ही धाटण्यांत, सोबत छापण्याजोग्या पीडीएफसह द्यावा. आणि विसरवाडीच्या ग्रामस्थांना विनंती ही, की यापुढे एखादी फाईल उघडली नाही तर नवे सॉफ्टवेअर विकत घेण्याच्या विचारात न पडता ती पाठविणाऱ्या कचेरीकडेच दुसऱ्या धाटणीतील प्रत लेखी अर्जाने मागावी.